गॅलिशियन लोक व केल्टिक वारसा
स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिशिया प्रदेशाच्या रहिवाशांना गॅलिशियन म्हणतात. त्यांची भाषा लॅटिनोद्भव असून पोर्तुगीजला अत्यंत जवळची आहे. तरीही त्यांच्यापैकी अनेकजण आयरिश व वेल्श लोकांप्रमाणे स्वतःला केल्ट मानतात. येथे प्राचीन काळी केल्ट होते काय आणि आजचे गॅलिशियन केल्ट आहेत काय, हे दोन भिन्न प्रश्न होत. ते एकच समजल्यामुळे या वादात पुष्कळ गोंधळ झाला आहे.

इ. स. पू. पहिल्या सहस्रकात या भागात तटबंदीयुक्त टेकड्यांवर वसाहती होत्या. त्यांना ‘कास्त्रो’ म्हणतात. सांता त्रेगा येथील उत्खननात अशा वसाहतीची वर्तुळाकार दगडी घरे सापडली. इ. स. पू. १३७ च्या सुमारास रोमन सेनापती डेसिमस ज्यूनिअस ब्रूटस याने येथील गॅलेसी लोकांवर स्वारी केली. प्लिनीने या किनाऱ्यावरील काही जमातींना ‘केल्टिसी’ म्हटले आहे. ‘ब्रिगा’ हे केल्टिक पद अंती असलेली स्थलनामेही आढळतात. मात्र मध्य यूरोपातील केल्टांशी निगडित असलेल्या ला तेन संस्कृतीच्या वस्तू येथे तुरळकच आहेत. त्यामुळे केल्टिक भाषेचे अस्तित्व मान्य करूनही, सर्वच रहिवासी केल्ट होते असे अभ्यासक म्हणत नाहीत. रोमन अंमलात लॅटिन रुजली व जुन्या भाषा लोपल्या.

केल्टिक अस्मिता मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडली. गॅलिशियन भाषा तेव्हा शासन व शिक्षण यांतून वगळलेली होती आणि ती खेडुतांची बोली म्हणून हिणवली जाई. इतिहासकार मान्वेल मुर्गीआ (१८३३–१९२३) याने केल्टिक वंशाच्या आधारे गॅलिशियाचे वेगळेपण मांडले. कवी एद्वार्दो पोंदाल (१८३५–१९१७) याने मध्ययुगीन आयरिश कथांतील ब्रेओगान या राजाला गॅलिशियनांचा पूर्वज कल्पिले. पोंदालच्या कवितेवरून घेतलेले प्रदेशगीत १९०७ मध्ये हाव्हॅना येथे स्थलांतरितांसमोर प्रथम गायिले गेले. १९२० मध्ये निघालेल्या ‘नोस’ या नियतकालिकाच्या लेखकांनीही आयर्लंडकडे आदर्श म्हणून पाहिले.

मुर्गीआची वंशकल्पना आज शास्त्रीय दृष्ट्या त्याज्य ठरली आहे. हयात किंवा अर्वाचीन काळापर्यंत बोलली गेलेली केल्टिक भाषा, ही कसोटी लावल्यास आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनी, कॉर्नवॉल व आइल ऑफ मॅन एवढेच प्रदेश केल्टिक ठरतात. गॅलिशिया त्यांत बसत नाही. याउलट १९७१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनीतील लोरियां येथील आंतरकेल्टिक महोत्सवात गॅलिशियन ‘गाइता’ (मशकवाद्य) वादकांना मानाचे स्थान आहे. मशकवाद्य यूरोपात अन्यत्रही असल्याने त्यावरून वंश सिद्ध होत नाही. परंतु त्याच्या सुरांतून जुळलेले नाते खोटे म्हणता येत नाही.

१९८१ च्या स्वायत्तता कायद्याने गॅलिशियनला स्पॅनिशसह अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. ज्या लोकांना केल्टिक पूर्वजांच्या आधारे आपले वेगळेपण सिद्ध करावे लागले, त्यांचे वेगळेपण वस्तुतः या लॅटिनोद्भव भाषेतच सर्वाधिक स्पष्ट दिसते.