आरमाराच्या खुणा

देवरी गांवांतून जो हमरस्ता जातो, त्याचीं दोन्ही टोकें समुद्राला टेकलेलीं आहेत. पश्चिमेस हजिरा, पूर्वेस पारादीप. रात्रंदिवस मालमोटारी त्यावरून धांवत असतात. परंतु रस्त्याकांठच्या घरांत उभ्या आयुष्यांत समुद्र न पाहिलेलीं माणसें पुष्कळ आढळतील. मुलूख तळ्यांचा, नवेगांवबांधचें तळें ज्यानें पाहिलें, त्याला अथांग पाण्याची कल्पना आली असें वाटतें. असा प्रवासी युद्धाचीं स्थळें पाहण्यास निघाला म्हणजे त्याच्या मनांत बुरूज आणि तोफा यांचें चित्र असतें. आरमारी युद्धाचें स्थळ त्याला बहुधा फसवितें. जमिनीवरील लढाईचें निदान मैदान तरी उरतें. समुद्रावरील लढाईचें पाणी दुसऱ्याच लाटेला पूर्ववत् होतें. मग तेथें पाहावयाचें काय ?

देवरीकरांना जवळचा समुद्र मुंबईचा नव्हे, विशाखापट्टणचा. रायपूरहून रायगडा, विजयनगरम् या मार्गानें आगगाडी तेथें पोंचविते. तेथील रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नांवाची पाणबुडी वाळूवर चढवून ठेविलेली आहे. १९६९ सालच्या डिसेंबरांत ती नौदलांत दाखल झाली, १९७१ च्या युद्धांत तिनें अरबी समुद्रांत गस्त घातली, आणि २००१ च्या फेब्रुवारींत तिला निवृत्ति मिळाली. २००२ सालापासून ती संग्रहालय आहे. लांबी सुमारें ९१ मीटर. परंतु आंत शिरल्यावर लांबीपेक्षां अरुंदपणाच ध्यानांत राहतो. एका दालनांतून दुसऱ्यांत जावयाचें तें वाटोळ्या झरोक्यांतून, अंग चोरून. नाकाशीं सहा व शेपटाशीं चार अशा पाणतीर सोडण्याच्या दहा नळ्या. त्यांच्या शेजारींच निजावयाच्या फळ्या. सुमारें पाऊणशें माणसें अशा नळकांड्यांत आठवडेच्या आठवडे राहत. पाण्यावर असतां तेलाचीं यंत्रें चालत व विजेच्या घटांत वीज भरून घेत. बुडी मारल्यावर तेवढ्याच सांठ्यावर सारा कारभार. सांठा सरत आला कीं हवेसाठीं वर येणें भाग, आणि वर येणें म्हणजेच शत्रूच्या नजरेस पडणें. निवृत्त नौसैनिक हें सारें समजावून देतात. त्यांच्या बोलण्यास घाई करूं नये. यंत्रें पाहून जें कळत नाहीं, तें त्यांच्या एका वाक्यांत कळतें.

बाहेर आल्यावर प्रवाशानें थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून उभें राहावें. १९७१ सालच्या ३ व ४ डिसेंबरांमधील रात्रीं ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी याच बंदराबाहेर सर्व खलाशांसह बुडाली. भारतीय नौदल तिच्या नाशाचें श्रेय ‘राजपूत’ या विनाशिकेच्या स्फोटकांस देतें. पाकिस्तानचें म्हणणें निराळें आहे. किनाऱ्यावर विजयाचें स्मारक आहे. ती पाणबुडी मात्र अजून तळाशींच आहे. ‘गाझी’ शोधीत होती ती ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका. ती तेव्हां दूर अंदमानाकडे होती, आणि पुढें तिच्या विमानांनीं कॉक्सबाजार व चितगांव या बंदरांवर मारा केला.

‘विक्रांत’ पाहावयास मात्र आतां कोठें जावयाचें ? २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईच्या पाण्यावर ती संग्रहालय होऊन उभी होती. १९४५ सालीं पाण्यांत उतरलेल्या त्या नौकेचा तळ खाऱ्या पाण्यानें झिजत चालला होता. तरंगत्या जहाजाला ठराविक मुदतीनें गोदींत घालून, तळ खरवडून रंग द्यावा लागतो. तो खर्च नुसत्या तिकिटांवर निघत नाहीं. अखेर २०१४ च्या नोव्हेंबरांत तिचें पोलाद तोडण्यास आरंभ झाला. ‘कुरसुरा’ वाळूवर आली म्हणून तगली. ‘विक्रांत’ पाण्यांत राहिली म्हणून गेली. २०२२ सालीं त्याच नांवाची नवी नौका नौदलांत आली, तरी जुनीची जागा रिकामीच राहिली. पोलादाची ही गत, मग सागवानाच्या जहाजांचें विचारावयासच नको.

सागवानाचें आरमार पाहावयाचें तर पश्चिमेकडेच वळलें पाहिजे. कणकवलीस उतरून विजयदुर्गास जातां येतें. तीन बाजूंस समुद्र, एकामागें एक तीन तट. किल्ला मनांत भरतोच. तथापि तटावरून खालीं वाघोटण खाडीकडे पाहिल्याशिवाय त्या किल्ल्याचा अर्थ लागत नाहीं. कान्होजी आंग्रे यांच्या काळीं आरमाराचा भार गुराबा आणि गलबतें यांवर असे. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, समोर तोफा रोखलेली. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचें. वारा पडला म्हणजे इंग्रजांचीं अवजड जहाजें जागच्याजागीं खिळत. तेव्हां हीं गलबतें गुराबांस ओढीत त्यांच्या पिछाडीस आणीत आणि तोफा डागीत. प्रसंग बांका आलाच, तर उथळ खाडींत शिरून दिसेनाशीं होत. तेथें मोठें जहाज पाठलाग करील तर रुतून बसेल. १७१७ सालीं इंग्रजांचा व १७२४ सालीं डचांचा हल्ला येथून परत फिरला.

आणि याच खाडीनें पुढें घात केला. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन समुद्रावरून आला. क्लाइव्ह फौजेसह बरोबर होता. जमिनीच्या बाजूनें खुद्द पेशव्यांची फौज होती, हें कोणाही मराठी माणसास वाचतांना बोचल्यावांचून राहत नाहीं. तुळाजी आंग्र्याचें आरमार किल्ल्याच्या आडोशास एकमेकांस जखडून उभें होतें. १२ तारखेस दुपारनंतर एक गोळा इंग्रजांकडूनच पूर्वीं पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजावर पडला. तें पेटलें आणि ज्वाळा शेजारच्या जहाजांवर गेल्या. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. बाहेर मोकळ्या समुद्रांत जें आरमार पकडणें अवघड होतें, तें अशा रीतीनें घरांतच जळालें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत वारला, आणि कोंकणकिनाऱ्यावर इंग्रजांचा एक मोठा अडथळा दूर झाला.

जळालेल्या आरमाराची खूण पाहावयाची असेल, तर किल्ल्यावरून उतरून खाडीनें आंत गिर्येकडे जावें. तेथें खडक फोडून केलेली गोदी आहे, सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद. भरतीच्या वेळीं जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटीनें पाणी उतरलें कीं तें कोरडें बसावयाचें, म्हणजे तळ डागडुजीस मोकळा. विक्रांतीस जी सोय पुरी पडली नाहीं, ती आंग्र्यांनीं समुद्राच्याच चढउतारावर साधली होती. जगाच्या वारसास्थळांत २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागा मिळाली, त्यांत विजयदुर्गही आहे. त्यामुळें किल्ल्यावर गर्दी होईल. गिर्येस मात्र कोणी सहसा वळत नाहीं. पावसाळ्यांत तिकडे जाऊं नये. त्यानंतर अमावास्या किंवा पौर्णिमा पाहून निघावें. त्या सुमारास ओहोटी सर्वांत खोल जाते आणि गोदीचा तळ उघडा पडतो. वेळ गांवांतील गाबीत मच्छीमारांस विचारावी. ते घड्याळ न पाहतां बिनचूक सांगतात.