शेरखान, ‘परिंदा’तला अण्णा आणि राधानगरीचा गवा : भीती एकच!

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं ‘जंगल बुक’ आठवतंय? त्यातल्या शेरखानचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा. १९८९च्या ‘परिंदा’तला टोळीचा म्होरक्या अण्णाही नानाच. गंमत पुढे आहे. अण्णा घाबरतो फक्त आगीला. किपलिंगच्या १८९४च्या मूळ पुस्तकात मोगलीही पेटती फांदी घेऊनच शेरखानला नमवतो.

बाकी मामलाही भाईगिरीचाच. तबाकी कोल्हा म्हणजे भाईचा चमचा. मोगलीला कळपात घ्यावं म्हणून बगिरा एक बैल देतो, चक्क ‘सेटलमेंट’! शेवटी मोगली म्हशींचा कळप घळीत उधळतो आणि शेरखानचा गेम वाजतो.

त्या म्हशींचा लांबचा भाऊबंद म्हणजे गवा. राधानगरी अभयारण्यात दरारा त्याचाच. भरलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याला चमचे लागत नाहीत. आगीपुढे मात्र त्याचंही चालत नाही. उन्हाळ्यात वणवा लागला की चरण जळतं आणि गवे उसाच्या शिवारात उतरतात. नुकसान शेतकऱ्याचं, बदनामी गव्याची. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग आधीच जाळरेषा काढून ठेवतो. पण पलीकडच्या वाळल्या गवतात कुणी विडीचं थोटूक टाकलं, तर तेवढंही पुरतं.