अश्रूंचे दार
येमेन आणि जिबूती यांच्यामधल्या बाब-अल-मंदेब या सामुद्रधुनीच्या अरबी नावाचा अर्थ 'अश्रूंचे दार'. रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. पण युरोपातून सुएझमार्गे भारताकडे येणारे प्रत्येक जहाज येथूनच जाते. जिबूतीत अमेरिका, चीन, फ्रान्स, जपान यांचे लष्करी तळ आहेत. तरीही नोव्हेंबर २०२३ पासून, गाझातील युद्धाचे कारण देत, हुथींनी स्वस्त ड्रोन व क्षेपणास्त्रांनी ही वाट धोक्याची केली. विम्याचे दर भडकले. बड्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरचे तिघे मारले गेले. २१ जणांना आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवले. पहारेकरी वाढले म्हणून वाट निर्धोक होत नाही. किनाऱ्यावरचे युद्ध शमल्याशिवाय समुद्र शांत होत नसतो.