परक्याचे भांडवल आणि कापडाचा नवा धंदा

कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून खजुरी नावाचे गाव आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तथापि उमरगा आणि सोलापूर येथील बाजारपेठा त्याला आजही जवळच्याच आहेत. अशा गावातील एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने तयार कपड्यांचा ऑनलाइन धंदा काढण्याचा विचार केला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मोबाइलवर कपड्यांची चित्रे दाखवावी, मागणी घ्यावी आणि माल कुरिअरने घरपोच पाठवावा, असा हा धंदा. पेठेतल्या गाळ्याचे भाडे त्यात नाही. चादरी, टॉवेल आणि शाळेचे गणवेश तयार करणारे सोलापूर हाकेच्या अंतरावर आहे. प्रश्न उरतो तो एकच, भांडवलाचा. आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हल्ली एक शब्द सर्वांच्या तोंडी असतो. तो शब्द म्हणजे गुंतवणूकदार.

अमुक कंपनीस इतके कोटी मिळाले, अशा बातम्या वाचून हा पैसा म्हणजे एखादे बक्षीस होय, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः तो बक्षीसही नव्हे आणि कर्जही नव्हे. कर्ज देणारा व्याज मागतो. मुद्दल फिटले की त्याचा संबंध संपतो. गुंतवणूकदार व्याज मागत नाही, तारणही मागत नाही. तो धंद्याच्या मालकीचा हिस्सा विकत घेतो. धंदा बुडाला तर त्याचा पैसा बुडतो, आणि धंदा वाढला तर त्या वाढीत त्याचा वाटा राहतो. ही जोखीम तो पत्करतो, ती धंदा थोड्या वर्षांत अनेक पटींनी वाढावा या अपेक्षेने. संथपणे चालणारा, घर नीट पोसणारा धंदा कितीही प्रामाणिक असला, तरी या जातीच्या भांडवलाला तो पुरेसा वाटत नाही.

हिस्सा विकणे म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एखाद्या छोट्या कंपनीची किंमत उभयपक्षी ४० लाख रुपये ठरली आणि गुंतवणूकदाराने तीत १० लाख घातले, तर कंपनी ५० लाखांची होते आणि त्याचा हिस्सा शेकडा २० होतो. संस्थापकाकडे ८० उरतात. पुढे आणखी पैसा हवा म्हणून नव्या गुंतवणूकदारास शेकडा २५ हिस्सा दिला, की संस्थापकाचे ८० चे ६० होतात. तिसऱ्या खेपेस पुन्हा २५ दिले, की उरतात ४५. म्हणजे ज्याने धंदा काढला तोच अल्पमतात येतो. शिवाय करारनाम्यात इतरही कलमे असतात. कंपनी विकली किंवा मोडली तर प्रथम आपले पैसे उचलण्याचा हक्क, संचालक मंडळावर एक जागा, मोठ्या निर्णयांना संमती देण्याचा अधिकार, अशा गोष्टी गुंतवणूकदार मागून घेतो. त्यात अन्याय नाही. परंतु सही करणाऱ्यास त्यांचा अर्थ ठाऊक असावा लागतो.

कापडाच्या धंद्यासाठी लोकांपुढे भांडवल मागण्याची रीत या देशात नवी नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापूस गिरणीसाठी कंपनी काढली, ती शहरातील व्यापाऱ्यांना भागधारक करूनच. सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांची गिरणी १८७७ साली निघाली. आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या एम्प्रेस मिलची एक गोष्ट सांगतात. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती आणि ती मातीने भरून काढावी लागत होती. जमिनीत पैसा पुरणाऱ्या या माणसाला भांडवल कसे द्यावे, असे म्हणून तेथील एका सावकाराने हात आखडता घेतला. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी त्या खड्ड्यात माती घातली आणि सोने बाहेर काढले.

या गोष्टीवरून धाडसाची थोरवी सांगण्यात येते. पण तिचा दुसरा अर्धा भाग अधिक बोधप्रद आहे. टाटांनी नागपूर निवडले ते लहर म्हणून नव्हे. कापूस पिकवणारा मुलूख भोवती होता, रेल्वे आली होती आणि कोळसा वरोऱ्यास मिळत होता. त्याआधी मुंबईत एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन, तिची कापूस गिरणी करून ती नफ्याने विकण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीस होता. सावकाराला माती दिसली. टाटांजवळ हिशेब होता.

हिशेब नसताना नुसते भांडवल हाती आले तर काय होते, याचे उदाहरण लंडनमध्ये घडले. दोन स्वीडिश तरुण, अर्न्स्ट माल्मस्टेन आणि काय्सा लिअँडर, यांनी 'बू डॉट कॉम' या नावाने फॅशनच्या कपड्यांचे ऑनलाइन दुकान उभारले. युरोपातील मोठमोठ्या धनिकांनी त्यात पैसा ओतला. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते दुकान एकदम अनेक देशांत उघडले. त्या काळच्या टेलिफोन जोडणीवर त्याची चित्रे उमटण्यास फार वेळ लागे. गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. मे २००० मध्ये कंपनी बुडाली, आणि तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च झाले होते. भांडवलाने चूक सुधारली नाही. तिला मोठे मात्र केले.

उलट मुंबईच्या 'बेवकूफ' या कंपनीची चाल पाहावी. आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोघा तरुणांनी २०१२ साली अगदी तुटपुंज्या पैशावर ऑनलाइन टी-शर्ट विकण्यास आरंभ केला. आधी गिऱ्हाईक मिळाले, मग भांडवल आले. २०२२ साली आदित्य बिर्ला समूहातील एका कंपनीने तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. धंदा मोठा झाला. पण बहुमताची मालकी दुसऱ्याकडे गेली. या मार्गाचे हे दोन्ही टोक एकाच उदाहरणात दिसतात.

तयार कपड्यांच्या धंद्यात मुख्य अडचण आहे ती परत येणाऱ्या मालाची. अंगाला बसला नाही, रंग चित्रातल्यासारखा नाही, किंवा पैसे माल हाती आल्यावर द्यायचे होते आणि तेव्हा मन बदलले, अशा कारणांनी माल परत फिरतो. उदाहरणादाखल, एक कुर्ता ६०० रुपयांस विकायचा आहे असे धरावे. कापड व शिलाई ३००, पाठवणी ८० आणि जाहिरात १०० रुपये. कर बाजूस ठेवला, तर कागदावर नगामागे १२० रुपये उरतात. दहा नगांवर १२००. पण दहापैकी तीन परत आले म्हणजे काय होते? विक्री सात नगांची, ४२०० रुपये. सात कुर्त्यांचा माल २१००, दहांची पाठवणी ८००, तिघांची परतपाठवणी २४० आणि जाहिरात १००० असा खर्च ४१४० होतो. हाती राहतात ६० रुपये. परत आलेल्यांतला एक जरी मळून वा फाटून निकामी झाला, तरी ३०० रुपये जाऊन २४० रुपयांचा तोटा पडतो. असा धंदा दसपट वाढवला तर तोटाही दसपट वाढतो. जाणता गुंतवणूकदार प्रथम हाच कागद मागतो, तो यासाठी.

खजुरीसारख्या सीमेवरच्या गावात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उमरग्याचे गिऱ्हाईक घरचेच वाटते. पण वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने ते परराज्यातले आहे. राज्यातल्या राज्यात लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या ठराविक मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट मिळते. परराज्यात करपात्र माल विकणाऱ्यास, काही हस्तकलेच्या वस्तू सोडल्या, तर पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. ज्याची गिऱ्हाइके सीमेपलीकडे आहेत, त्याने हा खर्च आणि ही कागदपत्रे आरंभीच धरली पाहिजेत.

त्याहून नाजूक बाब आहे ती गावातून पैसा गोळा करण्याची. ओळखीच्या लोकांकडून थोडे थोडे घ्यावे आणि वर्षाअखेर दामदुप्पट देऊ म्हणावे, हा मोह सहज होतो. परंतु लोकांकडून अशा अनियंत्रित ठेवी स्वीकारणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. भाग देऊन पैसा घ्यायचा तर रीतसर कंपनी नोंदवावी लागते, आणि खाजगी कंपनीस आपले भाग सर्वसाधारण जनतेस देऊ करता येत नाहीत. गावात पैशापेक्षा पत मोठी असते. ती एकदा गेली की कोणताही गुंतवणूकदार ती परत आणून देत नाही.

मग नवख्याने करावे तरी काय? शंभर नग स्वतःच्या बळावर विकावे. किती परत आले, कोणत्या मापाचे आले, पुन्हा मागणी किती गिऱ्हाइकांनी केली, हे वहीत लिहावे. हिशेब जमला आणि माल भरण्यास पैसा हवा झाला, तर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेखाली तारणावाचून कर्जासाठी बँकेकडे अर्ज करता येतो. तिच्या पहिल्या पायरीची मर्यादा ५० हजार आणि दुसरीची ५ लाख रुपये आहे. ते कर्ज फेडावे लागते हे खरे, पण फेडल्यावर मालकी पूर्ण शाबूत राहते. मागणी हाताबाहेर वाढू लागली, ती पुरवण्यास बँकेचा पैसा अपुरा पडू लागला आणि धंदा झपाट्याने वाढवण्याची खरोखरच इच्छा असली, तरच गुंतवणूकदाराचे दार ठोठवावे. त्या दारी स्वप्नांपेक्षा ती वही अधिक बोलते.

तुरीचे शेत गहाण टाकून, किंवा धंद्याची मालकी ओळखपाळख नसलेल्यास देऊन टाकून आरंभ करण्याची घाई कोणी करू नये. पेरणीच्या आधी जमिनीची ओल पाहावी, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. तीच पारख त्याच्या मुलाने वा मुलीने कपड्याच्या धंद्यात वापरली, तर परक्याचे भांडवल त्याच्या कामी येईल. नाही तर तोच त्या भांडवलाच्या कामी येईल.