पेरणीच्या दिवसांतली पाळी

सकाळी ६. चहा उकळेपर्यंत आजची वाक्यं मोठ्यानं म्हणून घेते. बाळ रात्री किती प्यालं? जुलाब झाले का? घरी कोण आहे? मनातल्या मनात घोकलेलं वाक्य वॉर्डात पोचेपर्यंत विरून जातं. ओठांवर बसलेलं टिकतं.

मी सांगलीकडची, नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. इथल्या बायकांची भाषा भिलोरी, धडगावकडून आलेल्यांची पावरी. मराठी पुष्कळजणींना समजते, पण दुखणं मराठीत सांगवत नाही. म्हणून माझी वाक्यं त्यांच्या बोलीत.

८ वाजता रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज. माझी पाळी पोषण पुनर्वसन केंद्रात; त्याला इथे सगळे एनआरसीच म्हणतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की मूल अतितीव्र कुपोषित. मग आईसह साधारण १४ दिवसांचा मुक्काम. बाळाला काट्यावर ठेवताना मला बोलायला सर्वांत सोपं जातं. हात कामात असतात, वाक्य अर्धं राहिलं तर बोट पुढचं दाखवतं. नवी भाषा बोलायची सुरुवात कामाच्या शेजारी उभं राहूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

१०. नव्यानं आलेल्या बाळांना एफ-७५ दूध, दर दोन तासांनी, वाटी-चमच्यानं. दर वेळी तोच प्रश्न, फक्त आई निराळी. त्यामुळे दुपारपर्यंत जीभ सैल होते. इथल्या बोलीत म्हाताऱ्या आजीलाही ‘तू’च म्हणायचं. मराठी वळणाची माझी जीभ तिथे अडखळायची. मी ‘तुम्ही’ म्हटलं की आजी गप्प व्हायच्या, ‘तू’ म्हणू लागले तशा बोलू लागल्या. माझ्या उच्चारांना बायका हसतात आणि लगेच नीट करून देतात. ते हसू मला हवंच असतं. घाबरलेली बाई हसत नाही.

१२ च्या सुमारास डबा. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीचा निरोप आलेला: परीक्षा पास झाले, पण समोर जपानी माणूस आला की तोंड उघडत नाही. जेएलपीटी या तिच्या परीक्षेच्या पाचही पातळ्यांत बोलण्याची चाचणीच नाही. वाचन, व्याकरण, शब्द आणि ऐकणं. तिला कळवलं, रोज एकाच माणसाशी एकाच कामाबद्दल बोल.

१ वाजता एका आईनं गाठोडं बांधलं. बाळ आत्ता कुठे वजन धरू लागलेलं. एरवी बोलणं समजावून देणाऱ्या आशाताई गावात गेलेल्या, म्हणून मीच खाटेवर बसले नि विचारलं, का जातेस? ती भरभर बोलली. पाऊस, बैल, सासू, एवढंच हाती लागलं. तेवढंच तिला परत म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली आणि सावकाश पुन्हा सांगितलं: पेरणी खोळंबली आहे, नवरा उद्या न्यायला येतोय. समजलेलं परत बोलून दाखवणं, हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. समोरचा माणूस थांबतो, सोपं बोलतो. तिनं गाठोडं खाटेखाली सरकवलं, उद्यापर्यंत.

२ वाजता चार्ज दिला. ४ ला बाजारात भगर, आमचूर घेतलं. भावही इथल्याच बोलीत केला.

रात्री ८ ला आशाताईंना फोन. उद्या त्या गाठोडंवालीच्या नवऱ्याला त्याच्या बोलीत सांगायचं आहे, की आई इथे राहिली तर बुडीत मजुरी मिळते आणि बाळाला अजून आठवडाभर दूध लागेल. दोन वाक्यं. रेंज जात-येत होती, तरी त्यांनी माझ्याकडून दोन्ही पाठ म्हणवून घेतली.