गुलाबी न झालेला कॉलम

२७ सप्टेंबर २०१३. शुक्रवारची सकाळ, सहाचा सुमार. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची बाबू गेनू मंडईची इमारत काही क्षणांत खाली बसली आणि ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेची, राहणारी कुटुंबंही पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. तळमजल्यावरच्या गोदामात फेरफार केल्याचे आरोप झाले, अटका झाल्या, चौकशा झाल्या. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक साधा आकडा अडकून बसला आहे, तो म्हणजे इमारतीचं वय. ती जेमतेम ३३ वर्षांची होती.

तिथून गिरगाव-भुलेश्वर फार लांब नाही. पहिल्या महायुद्धाच्याही आधी बांधलेल्या चाळी तिथे अजून राहत्या आहेत. जिने करकरतात, कठडे हलतात, कुठे कुठे टेकू लावलेले दिसतात, पण त्या उभ्या आहेत. पणजोबांच्या काळातली चाळ उभी राहते आणि आपल्या डोळ्यांदेखत बांधलेली सिमेंटची इमारत तिशीतच ढासळते, हे कसं? ‘जुनं ते सोनं’ म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते मला आजही थक्क करतं.

जुन्या चाळींचा सांगाडा सागवानाचा आणि भिंती विटांच्या. विटा जोडायला चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेला चुना पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा आणि थरात भरायचा. पुढे तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. हे काम वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे या भिंतीला हवा लागली की ती घट्ट होते.

आता सिमेंट काँक्रीटकडे या. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताणाखाली लगेच तडकतं. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणून त्याच्या पोटात लोखंडी सळया घालतात. उघड्यावर पावसाळ्यात आठवड्याभरात तांबारणारं लोखंड काँक्रीटच्या आत वर्षानुवर्षं गंजत नाही, कारण सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की त्यातून भरपूर चुना सुटतो. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी राहतं, सामू साडेबारा-तेराच्या घरात. अशा पाण्यात लोखंडावर अतिसूक्ष्म ऑक्साइडचं आवरण चढतं, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या मापाचं. तेवढ्या पापुद्र्यावर अख्ख्या इमारतीचं आयुष्य अवलंबून असतं.

आणि इथेही हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, चुन्याला गाठतो, त्याची पुन्हा चुनखडी करतो. क्रिया तीच, पण चाळीच्या भिंतीला जी बळकटी देते ती इथे सळईचं कवच काढून घेते. सामू नऊच्या खाली आला की पापुद्रा विरतो आणि लोखंड उघडं पडतं. मग फक्त पाणी आणि प्राणवायू मिळण्याचा अवकाश.

सामू घसरण्याची ही आघाडी आत सरकते ती काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. समजा, पहिल्या चार वर्षांत ती पाच मिलिमीटर आत गेली. मग दहा मिलिमीटरला सोळा वर्षं लागतात आणि पंधराला छत्तीस. आता १९७८ चं भारतीय मानक उघडून पाहा. स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचं किमान आच्छादन किती, तर पंधरा मिलिमीटर. म्हणजे आपल्या बोटाच्या जाडीएवढं. काम नीट झालं असेल तर, बरं का. सळईखाली ठोकळे ठेवायला गवंडी विसरला, काँक्रीट नीट ठोकून बसवलं नाही, की पंधराचे सात होतात. ते दिवस सिमेंटच्या टंचाईचेही होते. परमिटवर सिमेंट मिळायचं, नियंत्रण अंशतः उठलं ते १९८२ साली. समुद्राकाठी त्यात मिठाची भर पडते. खाऱ्या हवेतले आणि न धुतलेल्या खाऱ्या वाळूतले क्लोराइड सामू घसरण्याची वाटसुद्धा पाहत नाहीत, पापुद्र्याला थेट भोकं पाडतात. २००० साली मानक सुधारलं, आच्छादन वाढलं, काँक्रीटची किमान प्रतही वाढली. पण मुंबई, ठाणे, कल्याण, वसईच्या कितीतरी इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. बंदिस्त काँक्रीटमध्ये ही जागा कुठून येणार? तो काँक्रीटला आतून रेटतो, आणि रेटणं म्हणजे ताण, जो काँक्रीटला सोसत नाही. सळईच्या रेषेत केसासारखी चीर पडते. चिरेतून पाणी जातं, गंज वाढतो, चीर रुंदावते, एक दिवस छताचा पोपडा पलंगावर पडतो. घराघरांत हेच ऐकू येतं, ‘स्लॅब फुगलाय’, ‘लोखंड बाहेर आलंय’. मग गवंडी येतो, चार पाट्या सिमेंट थापतो, वर रंग मारतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत मोठी गफलत याच जागी होते. थापलेलं ताजं सिमेंट अल्कधर्मी असतं, बाजूचं जुनं काँक्रीट तसं उरलेलं नसतं. एकाच सळईचा एक भाग सुरक्षित आणि लगतचा उघडा, अशी स्थिती झाली की दोहोंमध्ये विजेच्या घटासारखा प्रवाह सुरू होतो आणि उघडा भाग आधीपेक्षा जोरात गंजतो. म्हणून डागडुजी केलेल्या तुकड्याच्या अगदी कडेला दोन-तीन वर्षांत पुन्हा फुगवटा येतो. आपण गवंड्याला दोष देतो. खरं तर सळईच्या पाठीमागपर्यंत खोदून, गंज घासून काढून, जेवढं काँक्रीट निकामी झालंय तेवढं सगळं काढल्याशिवाय ते काम पुरं होतच नाही.

गच्चीचंही तेच. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी धरलेला भार असतो दीडशे किलो. म्हणजे गळती थांबवायला आपण गच्चीवर कायमची गर्दी उभी करून ठेवतो, आणि तीही आधीच ओल खाल्लेल्या स्लॅबवर.

पण स्लॅबचा पोपडा निदान दिसतो. मला भीती वाटते ती कॉलममधल्या रिंगांची. कॉलमच्या उभ्या सळया सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्याभोवती ठरावीक अंतरावर बांधलेल्या बारीक कड्यांना साइटवर ‘रिंग’ म्हणतात. त्या काळच्या बांधकामात त्या बहुधा सहा मिलिमीटरच्या. प्रचंड दाबाखाली उभी बारीक सळई कमरेत वाकू पाहते, तिला जागच्या जागी धरून ठेवणं हे रिंगचं काम. रिंग सळईच्या बाहेरून असते, म्हणून गंज तिला आधी गाठतो. आता साधा हिशेब करा. गंजाने सगळ्या बाजूंनी एकच मिलिमीटर खाल्ला, तर वीस मिलिमीटरच्या सळईचं एक्क्याऐंशी टक्के लोखंड उरतं. सहा मिलिमीटरच्या रिंगेचं उरतं चव्वेचाळीस टक्के. अजून एक मिलिमीटर गेला की सळईकडे चौसष्ट टक्के असतात, रिंगेकडे अकरा. ती तुटली की उभ्या सळया मोकळ्या होतात, बाहेर वाकतात आणि कॉलम मधोमध फुटतो. वरून बघणाऱ्याला सळया जाडजूड दिसत असतात, आणि त्यांना बांधून ठेवणारं कुणी उरलेलं नसतं.

मग इमारत लगेच का पडत नाही? आराखड्यातच भार वाढवून आणि ताकद कमी धरून राखीव बळ ठेवलेलं असतं. शिवाय कॉलम, बीम, स्लॅब एकसंध ओतलेले असल्यामुळे एक कॉलम दमला की त्याचं ओझं शेजारचे उचलतात, बिनबोभाट. आत राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. फार तर एखादं दार घासायला लागतं, खिडकी बसत नाही. राखीव बळ असं वर्षानुवर्षं खर्ची पडतं, आणि मग शेवटचं निमित्त अगदी किरकोळ पुरतं. ओल्या विटा जड झालेल्या, तळमजल्यावर कुणी भिंत पाडलेली. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि कॉलमला हात लावल्याचा आरोप झाला. १७ जणांचा जीव गेला. कॉलम काढला तरी त्याच्यावरचं ओझं कुठे जात नाही, ते लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सर्फसाइड गावात समुद्राकाठची ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही बारा मजली इमारत १९८१ साली पूर्ण झाली, म्हणजे आपल्या माझगावच्या इमारतीच्या जोडीचीच. तिथल्या पोहण्याच्या तलावाभोवतालच्या स्लॅबला उतारच नव्हता, पाणी साचून मुरत राहिलं. २०१८ मध्ये अभियंत्याने हे लेखी कळवलं. दुरुस्तीचा खर्च ऐकून सदनिकाधारकांत वाद झाले, वर्षं गेली. २४ जून २०२१ च्या रात्री आधी तो स्लॅब खचला आणि काही मिनिटांनी इमारतीचा मोठा भाग. ९८ माणसं गेली. बैठका, पैशांवरून भांडणं, ‘पुढच्या वर्षी बघू’. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

जुन्या चाळीही अमर नाहीत. भेंडीबाजारातली शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पडली, ३३ जण दगावले. चाळीला मारतं तेही पाणीच. सागवानी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे, मोरीखाली आणि सामाईक संडासांच्या बाजूला ते आतून कुजतं. पाइपाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ भिंत उकलतो. भाडी दीर्घकाळ १९४० च्या पातळीला गोठलेली राहिली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. दक्षिण मुंबईतल्या अशा इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर सुरू झाला, तेव्हा यादीत १९,६४२ इमारती होत्या. अतिधोकादायक म्हणून नोटीस लागल्यावरही माणसं घर सोडत नाहीत, याचा मला कधी राग येऊ शकला नाही. संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं त्यांनी पाहिलेली असतात.

मालकीच्या सदनिकांची गोष्ट वेगळी, तिथे हिशेब आपल्याच हातात आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा सिंकिंग फंड म्हणजे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का. तीस वर्षांत साडेसात टक्के, आणि तेही मूळ बांधकामाच्या वेळच्या रुपयांत. बहुतेक सोसायट्या हे किमान म्हणजेच पुरेसं मानतात. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने सक्तीची आहे, पण तपासणी आणि दुरुस्ती यांच्यामध्ये ही रिकामी तिजोरी उभी असते.

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याला मावशीच्या सोसायटीत अशी तपासणी चालू होती. इमारत चाळिशीची. तरुण अभियंता मुलगी हातोडीने कॉलम वाजवत फिरत होती. धड काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं, आणि हा फरक पोरांनाही लगेच कळला. मग जिन्याखालच्या कॉलमचा कोपरा तिने फोडला आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा रंगहीन द्रव फवारला. जिथे सामू शाबूत असतो तिथे गर्द गुलाबी रंग येतो.

पहिल्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘काय गं, गुलाबी होणं चांगलं की वाईट?’’

‘‘चांगलं, आजी.’’

सगळ्यांनी वाकून पाहिलं. आत खोलवर, मुठीएवढ्या गाभ्यात गुलाबी रंग चढला होता. त्याच्या बाहेरचं सगळं काँक्रीट राखाडीच राहिलं होतं, आणि सळई त्या राखाडी भागात होती. रिंग तर पोरीने चिमटीत धरली आणि तिचा पापुद्रा हातात आला.

सचिव म्हणाले, उद्याच गवंडी बोलावून हे बुजवून घेतो, बरं दिसत नाही. आजी म्हणाल्या, ‘‘सभेपर्यंत राहू दे तसंच. सगळ्यांना येता-जाता दिसू दे.’’