गड एक, दरवाजे दोन

घाटकोपरहून थोडे दक्षिणेला अणुशक्तिनगरात न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनची कचेरी आहे. 2019 साली तिच्या तामिळनाडूतील कुडनकुलम केंद्रात, कारभाराच्या एका संगणकात घातक प्रणाली शिरली. फाटकावर पहारा होता. पण हा चोर पहारेकऱ्याला दिसणारा नव्हे! अणुभट्टीचे जाळे अलग होते, म्हणून तिला धक्का लागला नाही, असे कॉर्पोरेशनने कळवले.

मग फाटकाचे काम संपले का? छे! अलग यंत्रालाही कोणी खिशातली पेनड्राइव्ह लावील. तिथे झडतीच उपयोगी. उलट, आज फाटकाचे कुलूपही संगणकाच्या यादीवर उघडते. तेव्हा दोन्ही पहारेकऱ्यांची वही एकच हवी. माणूस नोकरी सोडून गेला, की पास आणि परवलीचा शब्द एकाच दिवशी रद्द! गुरुजी, शाळेची किल्ली आणि संगणक यांनाही हाच नियम लावा.